आपलें संकेतस्थळ आपण कसें उभारावें?

२०१७ सालच्या उन्हाळ्यांत आमच्या भागांतील एका जुन्या वाचनालयाच्या दारांत एक वयोवृद्ध बाई रिक्षांतून उतरल्या. बरोबर पुस्तकांनीं भरलेल्या चार पिशव्या होत्या. यजमान नुकतेच वारले होते. त्यांनीं जन्मभर जमविलेला संग्रह योग्य हातीं पडावा, एवढीच बाईंची इच्छा होती. वाचनालयास कुलूप होतें. घरीं परतल्यावर त्यांनीं नातवाकडून वाचनालयाचें संकेतस्थळ उघडवून घेतलें. त्यावर अध्यक्षांचें मनोगत होतें, सरकणारीं छायाचित्रें होतीं, सुवर्णमहोत्सवाची सविस्तर हकीकत होती. परंतु वाचनालय कोणत्या वारीं बंद असतें, एवढी एक ओळ कोठेंही नव्हती. आठ दिवसांनीं बाई पुन्हां आल्या. वार तोच असल्यामुळें कुलूपही तसेंच होतें. तिसऱ्या खेपेचें त्राण त्यांच्यांत उरलें नाहीं, आणि पुस्तकें रद्दीच्या दुकानीं गेलीं. त्यांत यजमानांच्या हातच्या टिपणांच्या दोन वह्याही होत्या, हें आम्हांस फार उशिरां कळलें.

त्या वाचनालयाच्या चालक मंडळांत मी होतों. संकेतस्थळावरील मजकूर मीं स्वतः तपासला होता, आणि ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक त्यांत राहूं दिली नव्हती. तेव्हां आज मी जें सांगणार आहें, तें तज्ज्ञाचें व्याख्यान नव्हे. चुकून शहाण्या झालेल्या एका मास्तराचा तो अनुभव आहे. संगणकाचें शास्त्र मला येत नाहीं. तरी पुढें तें वाचनालयाचें संकेतस्थळ आम्हीं चौघांनीं मिळून नव्यानें उभारलें. त्या कामीं ज्या गोष्टी ध्यानांत आल्या, त्या क्रमानें सांगतों. संस्था चालविणाऱ्यांस, घरगुती व्यवसाय करणाऱ्या भगिनींस, गायनाचा वा शिकवणीचा वर्ग घेणाऱ्यांस त्यांचा उपयोग व्हावा.

संकेतस्थळ म्हणजे काय, हें आधीं थोडक्यांत पाहूं. स्वित्झर्लंडमध्यें जिनीव्हा शहरानजीक सर्न नांवाची पदार्थविज्ञानाची मोठी संशोधन संस्था आहे. तेथें काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थानें १९८९ सालीं एक योजना वरिष्ठांपुढें मांडली. देशोदेशींचे शास्त्रज्ञ त्या संस्थेंत येत आणि जात; त्यांच्याबरोबर माहितीही विखुरली जाई. ती संगणकावर अशा रीतीनें ठेवावी कीं, एका कागदांतील शब्दावर खूण करतांच त्याच्याशीं संबंध असलेला दुसरा कागद समोर उघडावा, अशी ती कल्पना होती. या जोडणीस आपण मराठींत दुवा म्हणतों. १९९१ सालीं जगांतील पहिलें संकेतस्थळ बाहेरच्या लोकांस खुलें झालें. त्यांत केवळ शब्द आणि दुवे होते; हें जाळें म्हणजे काय आणि तें कसें वापरावें, एवढेंच त्यांत समजावून सांगितलें होतें. ज्या संगणकावर तें ठेवलें होतें, तो कोणी बंद करूं नये म्हणून त्यावर हातानें लिहिलेली सूचना डकवलेली होती. १९९३ च्या एप्रिल महिन्यांत सर्ननें ही सारी विद्या जगास विनामूल्य मोकळी करून दिली. म्हणूनच आज आपणांसारख्यांस कोणाची परवानगी न घेतां आपलें पान जगापुढें ठेवतां येतें.

या हकीकतींतच संकेतस्थळाचें स्वरूप स्पष्ट होतें. अहोरात्र चालू असलेल्या एका संगणकावर ठेवलेले, परस्परांशीं दुव्यांनीं जोडलेले कागद म्हणजे संकेतस्थळ. त्यास तीन गोष्टी लागतात. पहिली, पत्ता; त्यास डोमेन म्हणतात. दुसरी, कागद ठेवावयास भाड्याची जागा. तिला होस्टिंग म्हणतात. आणि तिसरी, स्वतः ते कागद. पत्ता आणि जागा पैशांनीं मिळतात. कागदांवर काय लिहावयाचें, हें मात्र आपणांसच ठरवावें लागतें. आणि बहुतेकांचें चुकतें तें येथेंच.

म्हणून पहिलें काम संगणकापुढें बसून करावयाचें नाहीं. कोरी वही घ्यावी, आणि आपल्या दारांत कोण कोण येईल त्यांची यादी करावी. आमच्या वाचनालयाची यादी अशी झाली : सभासद होऊं इच्छिणारा, अभ्यासिकेंत जागा शोधणारा विद्यार्थी, एखादा जुना दिवाळी अंक हुडकणारा संशोधक, पुस्तकें देणगी देऊं पाहणारा. मग प्रत्येकाच्या नांवापुढें त्याचा प्रश्न लिहावा. वर्गणी किती? अनामत परत मिळते काय? अभ्यासिका परीक्षेच्या दिवसांत किती वाजेपर्यंत उघडी असते? पुस्तकें आणूं तर कोणत्या वेळीं आणूं, आणि तुम्ही तीं घ्याल काय? प्रत्येक प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत द्यावें. एका वाक्यांत देतां येत नसेल, तर तें आपणांसच ठाऊक नाहीं असें समजावें. आमच्या चालक मंडळाच्या तीन बैठकी ‘पुस्तकें घ्याल काय’ या एकाच प्रश्नावर खर्ची पडल्या. कारण तोंवर त्याविषयीं कांहीं धोरणच ठरलेलें नव्हतें.

या ठिकाणीं भाषेविषयीं एक शब्द बोलतों. आमच्या पहिल्या संकेतस्थळाच्या आरंभीं वाक्य होतें : ‘वाचनसंस्कृतीच्या संवर्धनार्थ ही संस्था सदैव कटिबद्ध आहे.’ तें वाक्य माझेंच. आतां त्या जागीं ओळ आहे ती अशी : ‘वाचनालय सकाळीं ८ ते ११ आणि सायंकाळीं ५ ते ८ उघडें असतें. शुक्रवारीं बंद.’ पहिल्या वाक्यानें आमचें समाधान झालें. दुसऱ्यानें येणाऱ्याचा हेलपाटा वांचतो. दिवाळीचा फराळ करून देणाऱ्या बाईंनींही ‘आजीच्या हातची अवीट गोडी’ हें अवश्य लिहावें. परंतु त्याआधीं चकलीचा दर, कमींत कमी किती घ्यावें लागेल, किती दिवस अगोदर सांगावें, आणि माल घरपोंच मिळतो कीं न्यावयास यावें लागतें, हें लिहावें. गिऱ्हाईक कौतुक वाचावयास थांबतें, पण तें दराची खात्री पटल्यानंतर.

मजकूर तयार झाला कीं त्याची मांडणी. येथें एक फार जुनी आणि स्वस्त युक्ति कामास येते. प्रत्येक माहिती एकेका चिठ्ठीवर लिहावी, चिठ्ठ्या पिसाव्या, आणि आपल्या संस्थेशीं कांहीं संबंध नसलेल्या माणसापुढें ठेवून म्हणावें, ‘यांचे आपणांस योग्य वाटतील तसे ढीग करा आणि प्रत्येक ढिगास नांव द्या.’ आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनीं पंधरा मिनिटांत चार ढीग केले आणि नांवें दिलीं तीं : ‘वेळ व पत्ता’, ‘सभासद व्हा’, ‘पुस्तकें शोधा’, ‘पुस्तकें द्या’. आमचे स्वतःचे विभाग होते ‘आमच्याविषयीं’, ‘उपक्रम’, ‘दालन’ आणि ‘इतर’. ‘दालन’ म्हणजे काय, हें त्या गृहस्थांस शेवटपर्यंत कळलें नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर आमच्यांतही त्याविषयीं एकमत नव्हतें. आम्हीं शेजाऱ्यांचे ढीग जसेच्या तसे स्वीकारले. अध्यक्षांचें मनोगत गेलें नाहीं. तें आंतल्या पानावर सुखरूप आहे.

आतां पत्त्याकडे वळूं. जाळ्यांतील प्रत्येक संगणकास आंकड्यांचा एक क्रमांक असतो. ते आंकडे माणसाच्या ध्यानांत राहणें कठीण; म्हणून १९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस या अमेरिकन शास्त्रज्ञानें नांवावरून क्रमांक शोधून काढणारी पद्धति रचली. आपण नांव लिहितों; ती क्रमांक हुडकून आपणांस योग्य दारीं नेते. हें नांव विकत मिळत नाहीं. तें एका वेळीं एक ते दहा वर्षांच्या मुदतीनें नोंदवितां येतें आणि मुदत संपण्यापूर्वीं नूतन करावें लागतें. ‘डॉट इन’ या भारतीय नांवांची व्यवस्था निक्सी ही संस्था पाहते. २०१४ सालापासून ‘डॉट भारत’ असा देवनागरी शेवट असलेलीं नांवेंही मिळूं लागलीं आहेत. तीं अवश्य घ्यावीं. परंतु जोडीस रोमन लिपींतील नांवही असावें, कारण कित्येकांस फोनवर देवनागरी लिहिण्याचा सराव नसतो.

रोमन नांव निवडतांना मराठी माणसापुढें एक खास अडचण येते. आपल्या ‘व’साठीं तेथें व्ही लिहावा कीं डब्ल्यू? ‘आ’साठीं एक ए कीं दोन? ‘वाचनालय’ हा साधा शब्द चार माणसें चार प्रकारें लिहितील, आणि त्यांतील तिघे दुसऱ्याच्याच दारीं जातील. म्हणून नांव ठरविण्यापूर्वीं तें दूरध्वनीवरून एकदां एखाद्या स्नेह्यास सांगावें आणि लिहून घ्यावयास लावावें. त्यानें न विचारतां बरोबर लिहिलें, तर नांव चांगलें. आडरेघा व आंकडे टाळावेत.

नांव चांगलें असण्याहून महत्त्वाचें तें हें कीं, तें कोणाच्या नांवें नोंदलें आहे. या बाबतींत आमची दुसरी चूक घडली. पहिलें संकेतस्थळ ज्या होतकरू तरुणानें करून दिलें, त्यानें डोमेनची नोंद स्वतःच्या नांवें व स्वतःच्या ई-पत्त्यावर केली. त्यांत लबाडी नव्हती. आम्हीं विचारलेंच नव्हतें, आणि त्यास तें सोयीचें वाटलें. पुढें तो परदेशीं गेला, त्याचा तो ई-पत्ता बंद पडला, आणि नूतनीकरणाच्या सूचना रिकाम्या घरीं पडत राहिल्या. २०१९ सालीं मुदत संपली आणि कांहीं दिवसांनीं तें नांव भलत्याच कोणी घेतलें. आमच्या पत्रकागदांवर, पावतीपुस्तकांवर आणि दारावरच्या पाटीवर छापलेला पत्ता आतां तिऱ्हाइताचा झाला होता. पाटी रंगवून घेतली. पण सभासदांच्या हातीं गेलेल्या पावत्या कशा परत आणणार?

यावरून घ्यावयाचा धडा असा. डोमेनची नोंद संस्थेच्या किंवा स्वतःच्या नांवें असावी. तिचा ई-पत्ता एका व्यक्तीचा खासगी नसावा. संस्थेचा असावा, आणि तो किमान दोघांस उघडतां यावा. नोंदणी कोठें केली, मुदत केव्हां संपते, होस्टिंग कोणाचें आहे, हें सारें एका वहींत लिहून ती वही दप्तरांत ठेवावी. परवलीचे शब्द मात्र त्या वहींत उघडे लिहूं नयेत. ते बंद पाकिटांत घालून कुलपांत ठेवावे. नूतनीकरण आपोआप होण्याची सोय असते. ती चालू करावी, तथापि तिच्यावर विसंबून राहूं नये, कारण तिच्याशीं जोडलेलें बँकेचें कार्डही मुदतबंदच असतें. जागा भाड्यानें घेतांना पहिल्या वर्षाचा दर पाहून हुरळूं नये. दुसऱ्या वर्षापासूनचा दर विचारावा, कारण तो पुष्कळदां बराच अधिक असतो.

आतां प्रत्यक्ष बांधणी. तिचे मार्ग तीन आहेत. पहिला, तयार सांचा वापरण्याचा. गूगल साइट्स किंवा वर्डप्रेस डॉट कॉम यांसारख्या ठिकाणीं खातें उघडलें कीं कोरीं पानें मिळतात. त्यांवर मजकूर लिहावयाचा, चित्रें बसवावयाचीं आणि ‘प्रकाशित’ म्हणावयाचें. पत्र लिहितां येणाऱ्या माणसास हें आठवड्याभरांत साधतें. पांच-सात पानांच्या संकेतस्थळास यापलीकडे जाण्याची गरज नाहीं. दुसरा मार्ग, वर्डप्रेस हीच प्रणाली स्वतःच्या भाड्याच्या जागेंत बसविण्याचा. २००३ सालीं निघालेली ही प्रणाली विनामूल्य आहे आणि तिच्यांत पुष्कळ सोयी आहेत. मात्र तिची डागडुजी वरचेवर करावी लागते. ती केली नाहीं, तर जुन्या फटींतून चोर शिरतात. तिसरा मार्ग, एचटीएमएल ही खुणांची भाषा शिकून पानें हातानें लिहिण्याचा. ही भाषा बाऊ करण्याइतकी अवघड नाहीं. हा मथळा, हा परिच्छेद, हा दुवा, असें सांगणाऱ्या त्या खुणा असतात. शाळेंत आपण व्याकरण चालवीत असूं, तशांतलाच तो प्रकार. ज्यास हौस आहे त्यानें ती अवश्य शिकावी. परंतु नवख्यानें आरंभ पहिल्या मार्गानें करावा. आम्हींही तसाच केला.

अलीकडे यंत्रास चार वाक्यें सांगितलीं कीं तें संपूर्ण संकेतस्थळ रचून देतें. त्याचें साह्य घेण्यास माझी हरकत नाहीं. पण आपण शुक्रवारीं बंद असतों, हें त्यास आपणच सांगावें लागतें. आणि न सांगितल्यास तें एखादा वार आपल्या मनानें लिहून मोकळें होण्याचा संभव असतो. म्हणून त्यानें लिहिलेली प्रत्येक ओळ तपासावी.

यापुढें रूपाचा विचार. मराठी अक्षरांविषयीं कांहीं गोष्टी इंग्रजी पुस्तकांत सांपडत नाहींत. त्या आधीं सांगतों. आपल्या लिपींत वेलांटी व मात्रा वर जातात, उकार खालीं येतात. म्हणून दोन ओळींमधील अंतर रोमन लिपीपेक्षां अधिक लागतें. अक्षराच्या उंचीच्या दीडपटीहून तें कमी नसावें. अक्षरेंही किंचित् मोठीं ठेवावीं. शोभेसाठीं अक्षरांमध्यें अंतर सोडण्याची इंग्रजी रीत आपल्याकडे कधींही आणूं नये. तिनें शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. मजकूर युनिकोड पद्धतीनेंच लिहिलेला असावा. १९९१ सालच्या पहिल्या युनिकोडांतच देवनागरीस स्थान मिळालें आहे. परंतु आपल्या छापखान्यांत पुढें कित्येक वर्षें निरनिराळे फॉन्ट आपापल्या मांडणीनें वापरले जात होते. त्यामुळें जुन्या स्मरणिकेचा मजकूर जसाच्या तसा उचलून संकेतस्थळावर घातला तर तेथें इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक कचरा उमटतो. तो आधीं युनिकोडांत रूपांतरित करून घ्यावा आणि मग डोळ्यांत तेल घालून तपासावा. जोडाक्षरें हटकून चुकलेलीं असतात. मुंबईच्या एक टाईप या मंडळींनीं केलेला ‘मुक्त’, तसेंच ‘नोटो’ मालिकेंतील देवनागरी, हे सुबक आणि विनामूल्य फॉन्ट आहेत. एक फॉन्ट पुरे. फार तर दोन.

रंगांविषयीं सांगावयाचें तें थोडकें. पार्श्वभूमि पांढरी किंवा फिकी, अक्षरें काळीं किंवा गडद. संकेतस्थळें सर्वांस वाचतां यावींत म्हणून २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत, साध्या मजकुराचा रंग आणि पार्श्वभूमि यांच्या उजळपणांत किमान साडेचारास एक असें प्रमाण सांगितलें आहे. तें मोजून देणारीं साधनें विनामूल्य मिळतात; पण फोन घेऊन दुपारच्या उन्हांत उभें राहावें, हीही कसोटी पुरेशी आहे. पिवळ्यावर पांढरीं अक्षरें तेथें टिकत नाहींत.

फोनचें नांव घेतलें, तें मुद्दाम. आपण संकेतस्थळ संगणकाच्या रुंद पडद्यावर रचतों. येणारा तें बहुधा तळहाताएवढ्या फोनवर पाहतो. म्हणून प्रत्येक पान आधीं फोनवर पहावें. अगदीं वर, बोट न हलवितां दिसेल अशा जागीं, नांव, काम, वेळ आणि पत्ता असावा. दूरध्वनीचा क्रमांक असा लिहावा कीं, त्यावर बोट टेकवितांच फोन लागावा. ‘येथें दाबा’ असे दुवे देऊं नयेत. ‘सभासदत्वाचा अर्ज’ असें दुव्यानें स्वतःच सांगावें.

छायाचित्रांचा मोह आवरावा. त्यांचें वजन किती असतें, याचा हिशेब मीं एकदां करून पाहिला. संगणकांत देवनागरीच्या एका चिन्हास साधारणतः तीन बाइट जागा लागते. फोननें काढलेलें एक छायाचित्र सहज चाळीस लाख बाइटांचें असतें. म्हणजे एका छायाचित्राच्या जागेंत तेरा लाखांहून अधिक चिन्हें मावतात. दोन भरगच्च कादंबऱ्या त्यांत बसतील! आमच्या पहिल्या पानावर अशीं नऊ छायाचित्रें सरकत होतीं. सत्कारसमारंभाच्या त्या नऊ चित्रांखातर येणाऱ्यानें अठरा कादंबऱ्यांचें ओझें वाहावें, ही अपेक्षा विचित्र होती. चित्रें आवश्यक तेवढींच ठेवावीं, आणि तीं चढविण्यापूर्वीं त्यांचा आकार कमी करावा. दोन लाख बाइटांत पडद्यापुरतें चांगलें चित्र मावतें.

चित्राबरोबर त्याचें वर्णन शब्दांत लिहिण्याची एक जागा असते. ती रिकामी सोडूं नये. दृष्टिहीन वाचक संकेतस्थळ कानांनीं वाचतात. ऑस्ट्रेलियांतील दोन अंध तरुणांनीं २००६ पासून घडविलेली एनव्हीडीए नांवाची विनामूल्य प्रणाली पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविते. पण चित्रापाशीं आली कीं ती आपण लिहिलेलें वर्णन वाचते. याच कारणास्तव सूचनेचा कागद छायाचित्र काढून चिकटवूं नये; सूचना अक्षरांनीं लिहावी. तसें न केल्यास अंधांस ती ऐकूं येणें कठीण होतें आणि शोध घेणाऱ्यांसही ती सहसा सांपडत नाहीं.

दुसऱ्याचें चित्र वापरावयाचें तर त्याची परवानगी हवी. शोध घेतल्यावर समोर आलें, एवढ्यानें तें फुकटचें होत नाहीं. १९५७ चा प्रताधिकाराचा कायदा जाळ्यावरही लागू आहे. विकिमीडिया कॉमन्स येथें मोकळ्या परवान्याचीं चित्रें मिळतात. त्यांच्या अटी पाळून कर्त्याचें नांव द्यावें. सभासदांचीं नांवें, पत्ते, क्रमांक यांची यादी पारदर्शकतेच्या नांवाखालीं कधींही जाहीर करूं नये, आणि अर्जांत गरजेबाहेरची माहिती मागूं नये. २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठीं स्वतंत्र कायदाही झाला आहे. पत्त्यापुढें ‘एचटीटीपीएस’ हीं अक्षरें असावीं. येणारा आणि संकेतस्थळ यांच्यामधील निरोप मोहोरबंद जातो, असा त्यांचा अर्थ. त्यासाठीं लागणारें प्रमाणपत्र २०१५ च्या अखेरीपासून लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था विनामूल्य देते. मात्र पाकीट मोहोरबंद आहे म्हणून पत्र लिहिणारा प्रामाणिकच असतो, असें नव्हे. हें दुसऱ्यांच्या संकेतस्थळांवर वावरतांना विसरूं नये.

सर्व झालें, आतां परीक्षा. ती घरच्या मंडळींची घेऊं नये. त्यांस उत्तरें ठाऊक असतात. तिऱ्हाइतास बोलवावें, त्याच्या हातीं फोन द्यावा, आणि सांगावें, ‘तुम्हांस चार पिशव्या पुस्तकें या वाचनालयास द्यावयाचीं आहेत. काय कराल?’ मग गप्प बसावें. हें गप्प बसणें सर्वांत कठीण. मास्तरकी केलेल्या माणसास तर फारच. तें बोट भलतीकडे जातें तेव्हां ‘तेथें नव्हे, खालीं’ असें ओठांवर येतें. तें गिळावें आणि बोट कोठें अडलें तें वहींत टिपावें. चूक त्या माणसाची नसते. अशीं तीन-चार माणसें बसविलीं म्हणजे मोठे दोष बहुधा उघडे पडतात. आम्हीं पांच माणसें बसविलीं. ‘पुस्तकें द्या’ हा दुवा पहिल्या तिघांस सांपडला नाहीं, कारण शोभेसाठीं आम्हीं तो एका चित्रावर लिहिला होता. चित्र काढलें, उरलेल्या दोघांस तो लगेच सांपडला.

शेवटचें काम कधींच संपत नाहीं. संकेतस्थळ म्हणजे दारावरची पाटी. तिच्यावरची वेळ बदलली तर ती पुसून नवी लिहावी लागते. चुकीची वेळ लिहिलेली पाटी कोऱ्या पाटीपेक्षां वाईट, कारण लोक तिच्यावर विश्वास ठेवून येतात. महिन्याचा एक दिवस नेमावा आणि एकाच माणसाकडे तें काम सोंपवावें. सर्वांकडे असलेलें काम कोणाकडेच नसतें. त्या दिवशीं प्रत्येक दुवा दाबून पहावा, वेळ व दर तपासावे, सर्व मजकुराची एक प्रत स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्यावी, आणि पानाच्या तळाशीं तपासल्याची तारीख घालावी. आमच्याकडे हें काम महिन्याच्या पहिल्या रविवारीं माझ्याकडे असतें. त्यास साधारण एक तास लागतो.

आमच्या ‘पुस्तकें द्या’ या पानावर आतां पांच ओळी आहेत : कोणतीं पुस्तकें घेतों, कोणतीं घेत नाहीं, कोणत्या वेळीं आणावीं, आणणें शक्य नसल्यास कोणत्या क्रमांकावर कळवावें म्हणजे आमचा माणूस घरीं येऊन घेऊन जाईल, आणि हस्तलिखितें व टिपणांच्या वह्या असल्यास त्या टाकून देण्यापूर्वीं आम्हांस दाखवाव्या. ही पांचवी ओळ लिहिण्यास पांच मिनिटेंही लागलीं नाहींत. ती २०१७ पूर्वीं लिहितां आली असती. त्या बाईंस मीं पुढें पत्र लिहून सर्व कळविलें आणि क्षमा मागितली. त्यांचें उत्तर आलें. त्यांत राग नव्हता, एवढेंच होतें कीं, दुसऱ्या कोणाच्या वह्या वांचल्या तर बरें.

तेव्हां श्रोतेहो, आपणांपैकीं ज्यांस संकेतस्थळ उभारावयाचें आहे, त्यांनीं आज संगणक उघडूं नये. वही उघडावी, आणि आपल्या दारांत ओझें घेऊन उभ्या असलेल्या अनोळखी माणसास काय विचारावयाचें असेल, तें पहिल्या ओळीवर लिहावें. उत्तर दुसऱ्या ओळीवर. पुढचें सर्व शिकतां येण्याजोगें आहे.